नागरी भूमी उपयोजनाची प्रारूपे

शहर कसे पसरते आणि त्यातली जमीन व्यापार, कारखाने व वस्ती यांत कशी वाटली जाते, याची सोपी करून केलेली मांडणी. समकेंद्री वलय, वृत्तखंड आणि बहुकेंद्र ही तीन प्रारूपे अभ्यासक्रमांमुळे सर्वपरिचित आहेत. तिन्हींचा जन्म अमेरिकेत, साधारण दोन दशकांच्या अवधीत झाला.

वलय प्रारूपाचे कर्तृत्व शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांना दिले जाते. वर्ष बहुधा १९२५ सांगतात. ते त्यांचा निबंध पुस्तकात आला त्याचे साल आहे. अमेरिकी समाजशास्त्र संस्थेच्या प्रकाशनात हा निबंध १९२४ मध्येच छापला गेला होता. कल्पनेचे मूळ मात्र वादाचे आहे. काही अभ्यासक ते जर्मन अर्थतज्ज्ञ योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांच्या १८२६ मधील, बाजारपेठेभोवतीच्या शेतीवलयांपर्यंत नेतात. फ्रीडरिख एंगेल्स यांनी १८४५ मध्ये मँचेस्टरचे वर्णन करताना मध्यभागी जवळजवळ निर्मनुष्य व्यापारी भाग, त्याभोवती सरासरी दीड मैल रुंदीचा कामगारवस्तीचा पट्टा आणि त्यापलीकडे सधनांची घरे असा क्रम दिला होता. साम्य लक्षणीय आहे, पण तिथे एका शहराचे वर्णन आहे, सर्वसाधारण नियम नाही. रिचर्ड हर्ड यांचा दावा अधिक बळकट वाटतो. शहर केंद्राभोवती वाढते तसेच रस्त्यांच्या अक्षांवरूनही वाढते, असे त्यांनी १९०३ मध्ये जमिनीच्या किमतींच्या आधारे मांडले. यातला पहिला अर्धा भाग पुढे बर्जेसकडे दिसतो आणि दुसरा वृत्तखंड प्रारूप मांडणाऱ्या होमर हॉइट यांच्याकडे.

बर्जेसची वलये पाच: मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र, संक्रमण वलय, कामगारांची घरे, चांगल्या वस्तीचा भाग आणि रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरे. ही नावे पाठ होतात. त्यांमागची प्रक्रिया मात्र निसटते, आणि खरे महत्त्व तिचेच आहे. आतले वलय फुगते तसे ते बाहेरच्यावर चाल करून जाते. वनस्पती परिस्थितिविज्ञानातून घेतलेल्या आक्रमण (नव्याची घुसखोरी) आणि अनुक्रमण (जुन्याची जागा नव्याने घेणे) या संज्ञा इथे लागू होतात. संक्रमण वलयातल्या जमिनीवर व्यापाराची नजर असते, म्हणून मालक जुन्या इमारतींच्या डागडुजीवर पैसा घालत नाहीत. नव्याने आलेला स्थलांतरित तिथेच उतरतो आणि परिस्थिती सुधारली की बाहेर सरकतो.

बर्जेसने शिकागोसाठी काढलेला नकाशा मुळातून पाहावा. मिशिगन सरोवराचा किनारा वलयांना उभा छेद देतो. दक्षिणेकडे कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा एक अरुंद पट्टा वलये ओलांडत जातो. ‘ब्लॅक बेल्ट’ हे नाव त्यावर बर्जेसनेच लिहिले आहे. बाहेर सरकण्याची वाट सर्वांना सारखी खुली नव्हती, हे त्या आकृतीतच दिसते. पाठ्यपुस्तकांतल्या स्वच्छ वर्तुळांत हा पट्टा उरत नाही, आणि ही हानी मोठी आहे.

हॉइट यांनी १९३९ मध्ये संघराज्य गृहनिर्माण प्रशासनासाठी १४२ अमेरिकी शहरांतील घरभाड्यांचा अभ्यास केला. वर्तुळांऐवजी त्यांना पाचरी, म्हणजेच वृत्तखंड, दिसल्या: उच्चभ्रू वस्ती एका बाजूला सुरू झाली की वाहतुकीच्या मार्गाने त्याच दिशेला बाहेर सरकत राहते. बोस्टन, सिॲटल आदी सहा शहरांचे १९००, १९१५ व १९३६ मधील नकाशे शेजारी ठेवून त्यांनी ही सरक दाखवली. कारखान्यांचा भाग रेल्वेमार्ग वा जलमार्ग धरून लांबतो. भाड्यांवरच भर असल्याने इतर भूमी उपयोजनाबद्दल मात्र हे प्रारूप फार कमी सांगते.

चाँसी हॅरिस व एडवर्ड उलमन हे भूगोलज्ञ १९४५ मधील बहुकेंद्र प्रारूपात एकच केंद्र ही अटच सोडतात. अनेक केंद्रे होण्याची त्यांची चार कारणे अशी: काही कामांना बंदरासारखी खास सोय लागते, काही व्यवसाय एकमेकांजवळ फायद्यात राहतात, काहींचे परस्परांशी पटत नाही, आणि काहींना मोक्याच्या जागेचे भाडे झेपत नाही.

त्याच वर्षी वॉल्टर फायरी यांनी बोस्टनच्या बीकन हिल या वस्तीचा दाखला देऊन एक मूलभूत हरकत घेतली. केंद्रालगतची जागा असूनही जुन्या प्रतिष्ठेच्या भावनेपायी सधन घराणी तिथे टिकली होती. मग भाडे व अंतर एवढ्यावर शहर समजेल कसे? या हरकतीला पुरेसे उत्तर मिळालेले नाही. विल्यम अलॉन्सो यांनी १९६४ मध्ये थ्यूनेनचा विचार शहराला लावून भाडे-बोलीचा सिद्धांत मांडला: केंद्रापासूनच्या प्रत्येक अंतरावरची जागा सर्वाधिक भाडे देऊ शकणाऱ्याला मिळते. त्याने वलयांना आर्थिक पाया मिळाला, भावनेचा प्रश्न तसाच राहिला.

तीन प्रारूपांपैकी बरोबर कोणते, हा प्रश्नच रॉबर्ट मर्डी यांच्या टोरांटोवरील १९६९ च्या अभ्यासानंतर बदलला. तिथे कुटुंबाचे स्वरूप वलयांत, आर्थिक स्तर वृत्तखंडांत आणि वांशिक गट पुंजक्यांत विभागलेले आढळले.

अमेरिकेबाहेरच्या शहरांसाठी मांडणी विरळ आहे. टेरी मॅक्गी यांनी १९६७ मध्ये आग्नेय आशियातील बंदर-शहराचे प्रारूप दिले. त्यात बंदर हाच आस असून एकसंध व्यापारी केंद्र नाही. अर्न्स्ट ग्रिफिन व लॅरी फोर्ड यांच्या १९८० च्या लॅटिन अमेरिकी प्रारूपात केंद्रापासून निघणाऱ्या व्यापारी कण्यालगत श्रीमंत राहतात आणि नव्याने आलेले गरीब शहराच्या कडेला, बर्जेसच्या अगदी उलट.