जाळी घेताना भोक विचारा, तारही विचारा

हार्डवेअरच्या दुकानात मच्छरजाळी मागितली की पहिला प्रश्न पन्ह्याचा येतो, तीन फुटी देऊ की चार फुटी? दुसरा भावाचा. भोक केवढं आणि तार किती जाड, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. मग जूनमध्ये मच्छर आत येतात, नाहीतर मे महिन्यात वारा बाहेर राहतो.

बाजारातल्या साध्या फायबरग्लास जाळीचं माप बहुधा १८×१६ असतं. म्हणजे एका इंचात एका बाजूने १८ घरं आणि दुसऱ्या बाजूने १६. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ते १८ घरांत वाटले की एकेका घराच्या वाट्याला १.४१ मिलिमीटर येतात. त्यातून तारेची जाडी, समजा ०.२८, वजा केली की मोकळं भोक उरतं १.१३ मिलिमीटरचं. दुसऱ्या बाजूने हाच हिशेब १.३१ वर येतो. एवढ्या भोकातून मच्छराला पंख पसरून येता येत नाहीच, जाळीवर बसून अंग आत रेटायचं म्हटलं तरी छाती अडते. आणि जाळीचा ६६ टक्के भाग वाऱ्याला मोकळा राहतो.

आता कोणी म्हणतं, ‘बारीक द्या, वीसची द्या.’ इथेच घोळ होतो. वीसच्या जाळीत, म्हणजे इंचात दोन्ही बाजूंनी २० घरं असलेल्या जाळीत, तार ०.४५ मिलिमीटरची असेल तर भोक ०.८२ चं राहतं आणि मोकळी जागा ४२ टक्क्यांवर येते. मच्छर तर अडतो, पण त्याच्यासोबत वाराही अडतो. तीच वीसची जाळी ०.२० मिलिमीटरच्या तारेत घेतली, तर भोक १.०७ चं आणि मोकळी जागा ७१ टक्के! म्हणजे भोक अठराच्या जाळीपेक्षा लहान आणि वारा तिच्यापेक्षा जास्त. घरं मोजून नुसता अर्धा हिशेब होतो, उरलेला तारेत असतो. इतकी बारीक तार टिकते ती स्टीलची. फायबरग्लासचा धागा एवढा बारीक केला तर पोरांच्या एका धक्क्यात जाळी फाटेल.

दुकानात तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा हिशेब उलटा असतो, आकडा वाढला की तार बारीक. २६ गेज म्हणजे जवळपास ०.४५ मिलिमीटर, ३२ गेज म्हणजे ०.२८ च्या आत-बाहेर, ३६ गेज ०.२० च्या जरा खाली. दुकानदाराला गेज माहीत नसेल, तर जाळीवर टेप ठेवून इंचातली घरं तरी मोजून घ्यावीत.

टक्केवारीनेही वाऱ्याची सगळी गोष्ट सांगून होत नाही. प्रत्येक तारेला लागून हवेचा एक पातळ थर जवळपास थांबलेला असतो. झुळूक मंद असली की हा थर जाड होतो, आणि भोक लहान असेल तर दोन्ही बाजूंचे थर मिळून बरीचशी वाट खाऊन टाकतात. जोराच्या वाऱ्याला जाळी तेवढी जाणवत नाही, पण मे महिन्यातल्या रात्री दोन वाजता जी काय थोडी हवा हलते, तिला मात्र जाणवते. आपल्याला वारा हवा असतो तो नेमका तेव्हाच.

म्हणून आधी ठरवायचं, अडवायचं कोणाला? मच्छर, माश्या, दिव्यावर येणारे पाखरं एवढ्यासाठी १८×१६ पुरते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या दिवसांत बल्बभोवती तुडतुड्यांचा थवा जमतो. ते अंगाने निमुळते असतात, काही आत येतातच. त्यांच्यासाठी जाळी बदलण्यापेक्षा छपरीतला दिवा दारापासून लांब लावणं सोपं.

वाळूमाशीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ही दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी. साध्या मच्छरजाळीतून ती आरामात जाते. नागपूरजवळच्या चंदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचंच नाव मिळालं. तो पसरवते ती हीच माशी. २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांमध्ये त्याची साथ आली होती. या माशीला अडवायला चाळीसच्या आसपासची जाळी लागते, आणि तशी जाळी लावलेल्या खोलीत विदर्भाच्या उन्हाळ्यात झोपून दाखवा! माझ्या मते वाळूमाशीसाठी जाळीवर पैसे घालू नयेत. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. भेगा लिंपून घ्याव्यात, शेण-कचरा घरापासून दूर न्यावा आणि मुलांना औषध लावलेल्या मच्छरदाणीत निजवावं. औषधाच्या मच्छरदाणीत भोकापेक्षा औषधाचा स्पर्श काम करतो.

छपरीला बांधायची हिरवी नेट ही मच्छरजाळी नव्हे. तिच्यावरचा ५० किंवा ७५ हा आकडा सावलीचा टक्का असतो. ऊन अडवायला ती छान, मच्छराला मात्र खुलं दार.

धातूचं म्हणाल तर जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, बारीक तारेवर हा थर पातळच असतो. कूलरचं पाणी उडतं त्या खिडकीत ती लवकर गंजते. स्टीलमध्ये ३०४ नंबरच्या प्रतीचं घ्यावं. महागडं ३१६ हे समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी असतं, वर्धा-यवतमाळला त्याचं काय काम? स्टील पारखायला लोक चुंबक नेतात. जीआय चुंबकाला घट्ट चिकटते. ३०४ चा पत्रा चिकटत नाही, पण त्याचीच तार ओढून बारीक करताना आतली रचना थोडी बदलते आणि ती जराशी ओढली जाते. तेवढ्यावरून दुकानदाराला खोटं पाडू नये. फायबरग्लास स्वस्त, गंजत नाही, पण उंदीर आणि खारी ती कुरतडतात. जिथे माकडं येतात तिथे बाहेरून जाड वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी, हवीच. रंग काळा घ्यावा. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि बाहेरचं अंगण धुरकट दिसतं.

एवढं सगळं करून टिनाच्या पन्हाळी आणि भिंत यांच्यातली फट उघडी राहिली, तर जाळीचा पैसा वाया. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास हुंगत मच्छर येतो, आणि घरातली गरम हवा वर चढून त्याच फटीतून बाहेर पडत असते. म्हणजे त्याला वाट दाखवायचं काम आपलंच घर करतं. आफ्रिकेतल्या गांबिया देशात खेड्यांतल्या घरांना दारं-खिडक्यांसह नीट जाळ्या बसवून पाहिल्या. २००९ साली निकाल छापून आले. जाळी नसलेल्या घरांत ३० टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं, जाळीच्या घरांत १९ टक्के. ही फट सिमेंटने बुजवू नये, नाहीतर गरम हवा खोलीतच कोंडेल. तिथेही जाळीच ठोकावी. दाराच्या खाली रबराची पट्टी लावावी आणि जाळीचं दार बाहेर उघडणारं, स्प्रिंगचं असावं.

खिडकीची जाळी चौकटीत खिळ्यांनी कायमची ठोकू नका, काढता येईल अशी बसवा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यावर धूळ आणि रुईचा थर बसतो, आणि ६६ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहतो. कूलरसमोरच्या खिडकीची जाळी अशी बुजली तर ओली हवा बाहेर पडत नाही आणि खोलीत उमस होते. लोक कूलर बिघडला समजून मिस्त्रीला बोलावतात. आधी जाळी काढून नळाखाली धरून पाहावी.