लिंबाने फेस आला म्हणून फरशी नकली नव्हे

‘शहाबादी फरशीवर लिंबू पिळा, फेस आला तर ती केमिकलची’ असा मेसेज सोलापुरात फिरत असतो. खरं तर उलट आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली ही फरशी म्हणजे चुनखडक, समुद्रतळाशी थराथराने साचलेला. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात.

पडलेला तुकडा घ्या, खिळ्याने खरवडा. पांढरट भुकटी निघेल, तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे उठतील. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हाचा. तो खिळ्याला दाद देत नाही, फसफसतही नाही. (त्याच्या भोकांतले पांढरे खडे कधी कधी फसफसतात, तेही कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच.) बसवलेल्या फरशीवर मात्र प्रयोग नको, डाग पडतो.