लिक्विड कूलर बसवणे (डेस्कटॉप संगणक)

डेस्कटॉपच्या प्रोसेसरची उष्णता पाण्यामार्फत रेडिएटरकडे नेणारे साधन म्हणजे लिक्विड कूलर. कारखान्यातच भरून बंद केलेल्या संचाला बाजारात ‘एआयओ’ (ऑल-इन-वन) म्हणतात. त्यात प्रोसेसरवर बसणारा, तांब्याचा तळ असलेला ब्लॉक, पंप, दोन नळ्या, रेडिएटर (बहुधा २४० किंवा ३६० मिमी) आणि पंखे येतात. आत पाणी, ग्लायकॉल व गंजरोधक असते.

गोव्यात पहिली शंका येते ती पावसाळ्यातल्या दमटपणाची. नळ्यांवर दव धरेल का? चालू संगणकात धरत नाही, कारण नळीतले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. रात्रभर एसीत बंद राहून गार झालेल्या कॅबिनेटवर मात्र सकाळी खिडक्या उघडताच ओल धरू शकते. कॅबिनेट खोलीइतके कोमट झाल्यावरच बटण दाबावे. याच नियमाची दुसरी बाजू अशी की मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असली तर सर्वांत महाग कूलरही त्याखाली जाणार नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरला चांगला एअर कूलर (पाण्याविना, नुसत्या पंख्याने थंड करणारा) पुरतो. तिथे एआयओ म्हणजे हौसेचा खर्च.

खरेदीआधी कॅबिनेटची वरची जागा मोजावी. साधारण २७ मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा मिळून ५२ मिमी होतात, आणि उंच रॅम तिथेच आडवी येते. प्रोसेसरला वीज देणारी, मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर आधीच जोडावी. रेडिएटर बसल्यावर तिथे बोट शिरत नाही.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्डमागे कूलरसोबतची बॅकप्लेट, म्हणजे आधाराची पट्टी, लावावी लागते. एएमडीच्या एएम४ व एएम५ सॉकेटला बहुधा मदरबोर्डची मूळचीच चालते. एएम४चे चार स्क्रू सोडताच ती मागून निसटते, म्हणून हाताने धरून ठेवावी. जुना कूलर काढताना संगणक थोडा तापवून, कूलर किंचित फिरवून उचलावा. सरळ ओढला तर एएम४चा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरे. तळाला आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. तांब्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायला विसरू नये. चारही स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत.

रेडिएटर कॅबिनेटला लावण्यासाठी आखूड स्क्रू असतात, पंख्यासाठी सुमारे ३० मिमीचे. लांब स्क्रू पंख्याशिवाय घातला तर थेट पाण्याच्या वाहिनीत घुसतो, आणि असा रेडिएटर दुरुस्त होत नाही.

जागेची निवड हा खरा कळीचा मुद्दा. आतली थोडी हवा नेहमी सर्वांत उंच ठिकाणी साचते, म्हणून पंप कधीही सर्वांत वर असू नये. वर लावलेला रेडिएटर उत्तम. पुढे लावल्यास त्याचा वरचा काठ पंपाच्या वर हवा, नळ्या शक्यतो खाली. पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वेळ गुळगुळ आवाज येतो. तो थांबलाच नाही तर पंपात हवा अडकली आहे, कॅबिनेट हळू तिरके करून पाहावे.

पंपाची वायर मदरबोर्डवरच्या ‘एआयओ पंप’ हेडरला (वायर जोडायच्या पिनांना), पंखे ‘सीपीयू फॅन’ला जोडावेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंप पूर्ण वेगावर ठेवावा. पंख्याप्रमाणे तापमानासोबत त्याचा वेग कमीजास्त करू नये. पहिल्याच मिनिटात तापमान ९० अंशांपुढे गेले तर पंप बंद, पापुद्रा तसाच किंवा ब्लॉक सैल, एवढेच तपासावे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंश गाठतात ते मात्र रचनेनुसारच, त्यात बिघाड नाही.

मिरामार, कळंगुट किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्याच्या वस्तीत गळतीपेक्षा खारी हवा जास्त त्रास देते. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर मीठ व धूळ बसून पांढुरका गंज चढतो. चवथीनंतर, पाऊस ओसरला की ब्रश व ब्लोअरने पाती साफ करावीत. ब्लोअर चालवताना पंखे बोटाने धरावेत. ओल्या फडक्याने पुसू नये, पाती वाकतात. नळीच्या रबरातून पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे झिरपून उडत असते. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी तापमान चढू लागले व पंप घरघरू लागला, तर पेस्ट बदलत बसण्यापेक्षा संच बदलणेच बरे.