चँडलर (मेणबत्तीवाले आणि जहाजांचे पुरवठादार)

चँडलर म्हणजे मुळात मेणबत्त्या बनवून विकणारा माणूस, लॅटिनमधल्या कँडेला म्हणजे मेणबत्ती या शब्दावरून आलेलं नाव. आज मात्र हा शब्द जास्त करून बंदरातच ऐकू येतो, शिप चँडलर म्हणून, म्हणजे जहाजांना सामान पुरवणारा.

लंडनमध्ये यांचे दोन वेगळे संघ होते, चरबीच्या बत्त्या करणाऱ्यांना १४६२ साली राजाची सनद मिळाली आणि मधमाशीच्या मेणवाल्यांना १४८४ साली. मेणाची बत्ती चर्चमध्ये आणि श्रीमंतांकडे, साध्या घरात गायी-मेंढ्यांच्या चरबीची, तिचा वास आणि धूर घरभर, शिवाय काजळी धरलेली वात सारखी कापत बसायचं. काम मेहनतीचं होतं, काठीला ओळीने वाती लोंबत्या बांधायच्या, वितळलेल्या चरबीत बुडवून काढायच्या, थंड झाल्या की परत बुडवायच्या, असं करत करत थरावर थर चढायचा. बेंजामिन फ्रँकलिनच्या वडिलांचा बॉस्टनला हाच धंदा, तो स्वतः दहाव्या वर्षापासून तिथे वाती कापायचा, साचे भरायचा आणि त्याला ते काम अजिबात आवडायचं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतून स्टिअरिक अ‍ॅसिड हा घट्ट घटक वेगळा काढला, मग पॅराफिन म्हणजे खनिज तेलातलं मेण आलं, आणि चरबीची बत्ती मागे पडली.

मग या धंद्यात जहाजं कुठून आली? तर चरबीवाल्याच्या दुकानात साबण, तेल, व्हिनेगर असलं सामानही असायचं, आणि शिडाच्या जहाजाला बत्त्या, तेल आणि घासणाऱ्या भागांना लावायला चरबी लागायचीच, त्यात दोर, डांबर, कंदील यांची भर पडत गेली.

आपल्याकडे मेणाची जुनी कला बघायची तर मुंबईत वांद्र्याला मोत मावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत जावं, तिथे नवसासाठी मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. आणि शिप चँडलर मुंबई बंदरातही आहेत. जहाजावरून यादी येते, बऱ्याच वस्तूंना इम्पा या जहाजांच्या खरेदीशी संबंधित आंतरराष्ट्रीय संघटनेचा सहा आकडी कोड असतो, त्यामुळे भाषा कुठलीही असो, हव्या त्या मापाचा बोल्टच येतो. या धंद्यातली खरी हुशारी मला वेळ साधण्यात दिसते, कस्टमची परवानगी काढून, समुद्रात नांगरलेल्या जहाजापर्यंत लाँचने टोमॅटो न चिरडता पोचवायचे, कारण जहाज सुटलं की तो माल परत किनाऱ्यावरच येणार.