पाकिटावरचे चीज आणि पाकिटातला मका

श्रावणातल्या दमट हवेत उघडे राहिलेले कॉर्न पफचे पाकीट बघता बघता सादळते आणि मग त्यातला पफ दाताखाली कुरकुरण्याऐवजी चिवट लागतो. कोकणपट्टीवर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, तर पाकीटबंद पफमध्ये पाणी जेमतेम दोन-तीन टक्के असते. इतका कोरडा आणि आतून इतका सच्छिद्र पदार्थ हवेतले बाष्प टिपकागदासारखे शोषून घेणारच. सादळलेला पफ कोणी खात नाही, पण टाकून देण्याआधी तो मधोमध मोडून उजेडात धरावा. आत लहानमोठ्या पोकळ्यांची जाळी दिसते आणि त्या पोकळ्यांमधल्या भिंती कागदाहून पातळ असतात. पाकिटातला मका म्हणजे एवढ्या भिंती. बाकीची जागा हवेने व्यापलेली असते.

ही जाळी ज्या यंत्रातून जन्मली, ते मुळात जनावरांच्या खाद्यासाठी मका भरडण्याचे होते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, बेलॉइट या गावी, यंत्र चोंदू नये म्हणून त्यात ओलसर मका घालत असत. तापलेल्या यंत्राच्या तोंडातून त्याच्या फुगलेल्या काड्या बाहेर पडतात हे एडवर्ड विल्सन या कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने त्या घरी नेऊन तळून पाहिल्या. आजच्या यंत्राला एक्सट्रूडर म्हणतात. त्याची कल्पना चकलीच्या सोऱ्यावरून सहज करता येते; फरक इतकाच की हा सोऱ्या लोखंडी नळकांड्याचा असतो, आतला मळसूत्री दांडा वेगाने फिरतो आणि घर्षणाने व दाबाने मक्याचा रवा दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापून लगद्यासारखा होतो. त्यातल्या पाण्याला दाबाखाली वाफ होता येत नाही. लगदा जाळीच्या छिद्रातून बाहेर येताच दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते, लगदा फुगतो आणि निवताना त्याच आकारात कडक होतो. कुरमुऱ्यांच्या भट्टीत तापलेल्या वाळूत तांदूळ फुलतो, तोही दाण्यात अडकलेल्या पाण्याच्या वाफेनेच. म्हणजे हे भौतिकशास्त्र आपल्याकडच्या भट्टीवाल्यांना यंत्राच्या कितीतरी आधीपासून हाताळता येत होते.

पोषणाचा हिशेब मात्र यंत्राच्या आधीच, मका दळताना सुरू होतो. पफसाठी लागणारा रवा करताना दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, कारण कोंड्याने पफ नीट फुगत नाही आणि अंकुरातल्या तेलाने रवा लवकर खवट होतो. कोंड्याबरोबर बहुतेक तंतुमय भाग जातो. अंकुराबरोबर जीवनसत्त्वे, खनिजे आणि चांगल्या प्रतीची प्रथिने जातात. उरतो तो मुख्यतः स्टार्च, आणि त्यासोबत झेइन नावाचे प्रथिन, ज्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही शरीराला आवश्यक अमिनो आम्ले अगदीच अपुरी असतात. त्यात उष्णता आणि दाब यांमुळे स्टार्चचे कण फुटून इतके मोकळे होतात की पाचक रसांना काम उरत नाही; असा स्टार्च झपाट्याने पचून रक्तातली साखर वेगाने वाढवतो.

यंत्रातून निघालेला कोरा पफ बेचव असतो. तो भाजून किंवा तळून वाळवतात, फिरत्या पिंपात त्याच्यावर तेल फवारतात आणि त्या तेलाला चिकटेल अशी चवीची भुकटी भुरभुरतात. नेहमीच्या कुरकुरीत प्रकारात १०० ग्रॅमला सुमारे ५५० किलोकॅलरी ऊर्जा, ३० ते ३५ ग्रॅम मेद, ५५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि पाच ते सात ग्रॅम प्रथिने असतात. मक्याच्या अख्ख्या दाण्यात मेद चार-पाच टक्केच असतो आणि तोही बहुतेक अंकुरासोबत निघून गेलेला असतो, त्यामुळे पाकिटातला जवळपास सगळा मेद बाहेरून आलेला असतो. एका ग्रॅम मेदातून नऊ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदके आणि प्रथिने यांतून प्रत्येकी चार. गुणाकार केला की कळते, ज्याला आपण मक्याचा खाऊ म्हणतो त्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा तेलाची असते. ३० ग्रॅमच्या पाकिटात दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून तेल पोटात जाते.

आता चीज. हा शब्द पाकिटावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो आणि पालकांच्या मनात तो दुधाशी जोडलेला असतो, म्हणून याचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेडर चीजच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, यात शंका नाही. पण पफवरच्या भुकटीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), चीज करताना वेगळ्या झालेल्या निवळीची पावडर, मीठ, स्वादद्रव्ये यांच्या सोबतीने खरे चीज थोडेसेच असते. पाकिटामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तिच्यात चीज पावडर कितव्या जागी आहे हे पाहावे. समजा, उदार होऊन १०० ग्रॅममध्ये पाच ग्रॅम चीज धरले, तरी ३० ग्रॅमच्या पाकिटात ते दीड ग्रॅम भरते आणि त्यातून मिळणारे कॅल्शियम दहा-अकरा मिलिग्रॅम. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या वरकस जमिनीत पिकणाऱ्या नाचणीच्या ३० ग्रॅम पिठात ते १०० मिलिग्रॅमहून जास्त असते, आणि काट्यासकट चावून खाल्लेल्या कुरकुरीत मांदेल्यांतूनही ते भरपूर मिळते.

एवढ्याशा चीजने चव इतकी दाट कशी लागते? ग्लुटामेटमुळे. मुरलेल्या चीजमध्ये प्रथिने फुटून ते आपोआप तयार होते. पाकिटात त्याला मोनोसोडियम ग्लुटामेटची आणि यादीत ६२७ व ६३१ या क्रमांकांनी येणाऱ्या क्षारांची जोड देतात. हे पदार्थ एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी अधिक उठावदार होते. केशरी रंग कुठे कृत्रिम असतो, तर कुठे शेंदरीच्या बियांचा किंवा लाल मिरचीच्या अर्काचा.

दरवर्षी वर्गात कोणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून विचारते, "सर, हे पेटते म्हणजे यात प्लास्टिक असते ना?" मी टाचणीवर पफ टोचून तो पेटवतो आणि शेजारी दुसऱ्या टाचणीवर भाजलेला शेंगदाणा पेटवतो. दोन्ही जळतात; शेंगदाणा तर अधिक वेळ जळतो, कारण त्यात निम्म्याच्या आसपास तेल आहे. पफमधली सच्छिद्र जाळी वातीचे काम करते आणि तिच्यात मुरलेले तेल दिव्यातल्या तेलासारखे जळते. ज्वाळेवर पत्र्याच्या छोट्या डब्यात ५० मिलिलिटर पाणी धरले, तर ग्रॅमभर पफ जळेपर्यंत ते तीसेक अंशांनी तापते. सगळी उष्णता पाण्यात उतरली असती तर ते उकळले असते. बरीचशी हवेत जाते. प्लास्टिकचा संशय तिथे फिटतो, आणि इतक्या हलक्या वस्तूत एवढी ऊर्जा आली कुठून, हा खरा प्रश्न मुले विचारू लागतात.

हलकेपणाचा परिणाम खाण्यावरही होतो. पफ जिभेवर लाळेने लगेच विरघळतो, चावावे लागत नाही, आणि काहीच खाल्ले नाही असे वाटून हात पुन्हा पाकिटात जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न त्यांना हवे तितके खाऊ दिले; समोर वाढलेल्या दोन्ही आहारांत ऊर्जा, साखर, मेद, तंतू सारखे राखले होते. तरीही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि ते अधिक भरभरही जेवले. तो प्रयोग पूर्ण आहाराचा होता, एका पाकिटाचा नव्हे. पण पफसारखा मऊ, पटकन गिळला जाणारा पदार्थ समोर असला की तो निष्कर्ष मला आठवतो.

मिठाबाबत मात्र न्याय्य बोलावे. अशा ३० ग्रॅमच्या पाकिटात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची आहे. एकटे पाकीट ती ओलांडत नाही. पण आपल्या ताटात खारवलेला सुका बांगडा, लोणचे आणि पापड आधीच असतात, आणि पाकिटातले मीठ त्यांत भर घालते.

माझ्या घरी संध्याकाळी वीस ग्रॅम कुरमुरे आणि दहा ग्रॅम शेंगदाणे एकत्र होतात. वजन पाकिटाएवढेच ३० ग्रॅम, ऊर्जा सुमारे १३० किलोकॅलरी, मेद पाच ग्रॅम, प्रथिने चार. पाकिटात हेच आकडे १६५, दहा आणि दोन असे येतात. कुरमुऱ्यांनाही भट्टीवर मीठ लावलेले असते, म्हणून त्यात वरून मीठ घालत नाही. चिरलेली मिरची पुरते. वाडगा शिगोशीग भरतो, आणि शेंगदाणे चावावे लागत असल्याने तो संपायला वेळ लागतो. सादळतात मात्र तेही तितक्याच लवकर, म्हणून डब्याचे झाकण लगेच लावावे लागते.