बारीक बिट हळू चालवला तरी का तुटतो?

घराच्या नावाची पाटी सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारं कोरणीचं मशिन) सागवानात कोरायला घेतली, "श्रीकृपा", आणि पहिल्या तासातच १ मिमीचे दोन बिट (गोल फिरून लाकूड कापणारी पाती) गेले. ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच, अरे बारीक बिट आहे, फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, कमी कर. केला कमी. तिसरा पण तुटला, वर लाकूड काळं पडलं ते वेगळंच.

आधी हे की एवढा बारीक बिट लागतोच कशाला. बिट गोल फिरतो, त्यामुळे त्याच्या व्यासापेक्षा अरुंद फटीत तो जाऊच शकत नाही आणि आतला कोपरा नेहमी गोलच निघतो. देवनागरीत श्र ची तिरपी रेघ, कृ चा खालचा आकडा, सगळीकडे अशाच फटी.

आता खरी मजा. कोलेटमधून (बिट धरून ठेवणारी पकड) बाहेर आलेला बिट म्हणजे खोडातून निघालेली पेरूची फांदी, टोकाला लोंबकळलं की वाकते. किती वाकेल ते लांबीच्या घनावर अवलंबून, म्हणजे लांबी दुप्पट तर वाकणं आठपट. जाडीचं तर चौथ्या घातात जातं! २ मिमीच्या जागी १ मिमीचा बिट लावला की तो निम्मा नाही, सोळापट लेचापेचा होतो, आणि ३.१७५ मिमीच्या (आपला १/८ इंची) मानाने साधारण शंभरपट. हिशोब करून बघा, १ मिमीचा कार्बाइडचा दांडा, १० मिमी बाहेर, टोकाला ५ न्यूटन म्हणजे अर्धा किलोचा रेटा, तर टोक ०.०५ मिमीच्या वर सरकतं. तोच ३ मिमी बाहेर असेल तर ०.००२ पण नाही. आणि खऱ्या बिटला फ्लूटच्या खाचा (धारेलगतच्या, भुसा बाहेर काढणाऱ्या) असतात, म्हणजे तो याहूनही नाजूक. म्हणून बारीक बिट घेताना आधी कापणारी लांबी बघा, ३ मिमी खोल कोरायचंय तर १० मिमीवाला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

मग हळू चालवून का तुटला? माझा ट्रिम राउटर, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, ३०,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) होता, बिटला दोन फ्लूट म्हणजे दोन धारा, फीड मिनिटाला २०० मिमी. २०० भागिले ६०,००० (३०,००० फेरे गुणिले दोन धारा), म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००३ मिमी लाकूड, तीन मायक्रॉन. पण धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिचं टोक काही मायक्रॉन गोल असतंच, त्यामुळे एवढी पातळ साल ती कापत नाही, नुसती घासते. सुताराचा रंधा आठवा, पातं जेमतेम बाहेर असलं की तो लाकडावरून घसरत जातो, साल निघत नाही. घासलं की उष्णता, उष्णतेने लाकूड जळतं (अॅक्रिलिक असेल तर वितळून बिटलाच चिकटतं), धार बोथट होते, बोथट झाली की रेटा वाढतो आणि मग वरचा चौथा घात आपलं काम करतो. आरपीएम १०,००० वर आणला, फीड ४०० केला, तर ०.०२ मिमी. धुरळ्याच्या जागी भुसा पडायला लागला!

यात एक ग्यानबाची मेख आहे. स्वस्त कोलेटमध्ये बिट ०.०२ मिमी तिरका फिरणं (याला रनआउट म्हणतात) काही विशेष नाही, आणि तेवढ्यात सगळा भार एकाच धारेवर येतो, दुसरी नुसती मिरवते. जाड बिटला हे कळत पण नाही. म्हणून अॅक्रिलिक-अॅल्युमिनियमला तर मी सरळ सिंगल फ्लूटच लावतो, भुसा निघायला जागा पण जास्त मिळते.

सोनेरी बिटांचं सांगायचं राहिलं. तो रंग टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थराचा, आत स्टील असेल तर ताठपणा स्टीलचाच. कार्बाइड, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला विडिया म्हणतात ते (जर्मनीत क्रुपने १९२० च्या दशकात "हिऱ्यासारखं" या अर्थाने ठेवलेलं नाव), स्टीलच्या जवळपास तिप्पट ताठ, पण ठिसूळ. दसऱ्याला मशिनला झेंडूचा हार मीही घालतो, पण लिंबू-मिरची बांधून रनआउट कमी होत नाही.

पाटी शेवटी अशी झाली: मोठा भाग ३.१७५ च्या बिटने काढला, कोपऱ्यांपुरता १ मिमी, एका वेळी अर्धा मिमीच खोल. चौथा बिट अजून मशिनवर आहे.