त्वचेतील अ जीवनसत्त्वाचे ग्राही

अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनते. ते पेशीच्या केंद्रकातील ज्या प्रथिनांना जाऊन चिकटते, ती प्रथिने म्हणजे हे ग्राही, डॉक्टरांच्या बोलीत रिसेप्टर. त्यांची दोन कुळे आहेत, आरएआर (रेटिनॉइक ॲसिड रिसेप्टर) आणि आरएक्सआर (रेटिनॉइड एक्स रिसेप्टर). पहिला ग्राही १९८७ मध्ये फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला.

बाह्यत्वचेत आरएआर-गॅमा आणि आरएक्सआर-अल्फा या उपप्रकारांची जोडी प्रमुख. कोणते जनुक कधी चालू करायचे हे ती ठरवते. निरोगी त्वचेत तळाशी जन्मलेली पेशी पिकत, चपटी होत वर सरकते आणि साधारण चार आठवड्यांत गळते. सोरायसिस या त्वचारोगात प्रतिकारशक्ती बिथरते आणि हा प्रवास तीन-पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचे चंदेरी पापुद्रे कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात साचतात. पापुद्रा नखाने खरवडला की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. अशा चट्ट्यांत आरएआर-अल्फा आणि आरएक्सआर-अल्फा घटलेले आढळतात.

मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत हा आजार अंगावर येतो. बीडकडून ऊसतोडीला गेलेल्यांच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे उठतात आणि रुग्ण असेल तर नवे चट्टे नेमके त्याच रेघांवर येऊ शकतात. पुष्कळदा त्याला गजकर्ण समजून मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणली जाते. ती एकदम थांबवली की आजार उसळतो. सोरायसिस शिवण्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

अ जीवनसत्त्व कमी पडले तर कातडी बेडकाच्या पाठीसारखी काटेरी होते. तिथे शेवग्याचा पाला, गाजर, पपई उपयोगी. सोरायसिसचे मूळ या कमतरतेत नाही, म्हणून त्यासाठी मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊ नयेत. जास्त मात्रेने यकृताला इजा होते.

ग्राहींना चालना देणारी औषधे वेगळी : लावायला टॅझॅरोटीन, पोटात घ्यायला ॲसिट्रेटिन. ॲसिट्रेटिनने गर्भात गंभीर व्यंग येते, म्हणून ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. सोबत मद्य घेतल्यास ॲसिट्रेटिनचे एट्रेटिनेट नावाचे संयुग बनते आणि ते चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते. लग्नाच्या वयाच्या मुलीला हे औषध देण्यापूर्वी तिला एकटीला बसवून ही गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सासू-नवऱ्यासमोर ती प्रश्न विचारणार नाही.